विश्वासचं विमान आणि भांगाचं पाणी

दातिवऱ्याला जाऊन आलो म्हटलं की आमच्या मिरजेत पहिला प्रश्न येतो, "हे कुठं आलं?" आणि दुसरा, "तिथं बघायला काय आहे?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पालघर तालुक्यात, केळवे-माहीमच्या खाली, समुद्राला लागून. दुसऱ्याचं उत्तर द्यायला जरा बसावं लागतं, म्हणून हे लिहायला घेतलं. मी तिथे देवदर्शनाला गेलो नव्हतो, किल्ला बघायला गेलो नव्हतो, आणि मासे खायलाही नाही, जरी ते खाल्ले. मी गेलो होतो दुसऱ्याचं विमान उडवायला.

विमान म्हणजे माणसं बसतात ते नव्हे. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं, दोन हात पसरले की जेवढे होतील तेवढ्या लांबीचे पंख, नाकाला मुठीएवढं खरंखुरं इंजिन, आणि चालवायचं हातातल्या रेडिओच्या खोक्याने. हल्लीची पोरं बॅटरीवरची विमानं उडवतात. आवाज नाही, वास नाही, बटण दाबलं की झालं. आम्ही ग्लो इंजिनवाले. टाकीत मिथेनॉल आणि एरंडेल तेलाचं मिश्रण भरायचं, इंजिनच्या डोक्यावर बसवलेल्या प्लगची तार बॅटरी लावून लाल करायची, आणि पंख्याला काठीने टोला द्यायचा. पेटलं तर सगळ्या माळाला ऐकू जातं. नाही पेटलं तर दुपारपर्यंत टोले देत बसायचं. माझी बायको म्हणते, "एवढ्या वेळात दोन म्हशींच्या धारा काढून झाल्या असत्या." आमच्याकडे म्हैस नाही, ही गोष्ट वेगळी.

विश्वास आणि मी तरुणपणी बोईसरच्या एका कारखान्यात बरोबरच लागलो आणि एकाच खोलीत राहिलो. मी काही वर्षांत मिरजेला परतलो. तो तिथेच राहिला आणि टूलरूममधून फिटर म्हणून निवृत्त झाला. विमानांचा नाद त्याला माझ्यामुळे लागला, पण उलट्या बाजूने. मला उडवता येतं, बनवता येत नाही; माझ्या हातचं विमान तयार होतं तेच एका अंगाला कललेलं. त्याला बनवता येतं, उडवता येत नाही. शिकायला म्हणून आणलेली दोन विमानं त्याने भातखाचरात नाकावर रोवली आणि खोक्याला हात जोडले. मग कित्येक वर्षं फुरसतीने खपून त्याने एकच विमान केलं, आपल्या मनासारखं. ते कधी उडालंच नव्हतं.

आता मात्र घाई होती. महिनाअखेरीला विश्वास आणि नलिनीवहिनी बंगळुरूला मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. तिथल्या उंच इमारतीतल्या घरात माणसांना जागा होती, विमानाला नव्हती. "मोहन, तू ये," विश्वास फोनवर म्हणाला. "एकदा उडव. मग ते तुझं, मिरजेला घेऊन जा. पण मला ते एकदा खालून बघायचंय."

बोईसर

प्रवासाचं सांगत नाही. बसून पाठ दुखली, एवढंच. बोईसरला उतरलो आणि पहिली ओळख पटली ती नाकाला. कारखान्यांचा तो आंबूस, औषधी वास अजून तसाच आहे. आमच्या खोलीत तो चहालाही येत असे. बाकी गाव ओळखू येत नाही. स्टेशनबाहेर मराठी बोलायला माणूस शोधावा लागला. रिक्षावाला माझ्या हातातलं रेडिओचं खोकं बघून म्हणाला, "चाचा, ड्रोन है क्या?" मी म्हटलं, "नहीं, उसका दादा है." त्याला ते पटलं असावं, कारण पुढे त्याने काही विचारलं नाही.

विश्वासचं घर बांधाबांधीत अर्धं खोक्यांत गेलं होतं. विमान मात्र पलंगावर, चादरीवर, ऐसपैस.

"आणि तुम्ही कुठे झोपता?" मी वहिनींना विचारलं.

"खाली. पाहुणा आहे ना तो," वहिनी म्हणाल्या. "भावजी, एकदाचं उडवा हो त्याला. सुनेला जपणार नाही एवढं ह्यांनी त्याला जपलंय."

मी विमान उचललं आणि उजेडाकडे धरलं. पिवळे पंख, पांढरं अंग. पंखांवरचं कागदासारखं आवरण इस्त्रीने इतकं ताणून बसवलेलं की बोटाने टिचकी मारली तर डग्ग्यासारखा आवाज यावा. हातावर तोललं तर बरोबर पाहिजे तिथे तोल. मी आजवर शेकडो वेळा विमान उडवलं असेल, पण ते मी जपून परत पलंगावर ठेवलं. दुसऱ्याचं लेकरू घेऊन झाडावर चढायला सांगितल्यासारखं वाटलं.

जागेचा प्रश्न विश्वासने आधीच सोडवला होता. तारापूरच्या अंगाला वीजकेंद्र आहे, तिकडे पतंगाचाही विचार करायचा नाही. शिरगावचा किनारा सुंदर, पण सुटीच्या दिवशी तिथे माणसं, घोडे आणि भेळेच्या गाड्या. म्हणून तो आदल्या शनिवारी पहाटे दातिवऱ्याला जाऊन जागा बघून आला होता. ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात विचारूनही आला होता.

"काय सांगू तुला," तो म्हणाला, "समुद्र इतका मागे गेलेला की दिसेना. कडक ओली रेती, सिमेंटच्या रस्त्यासारखी. त्यावर खरं विमान उतरेल. या शनिवारी त्याच वेळेला जायचं."

माहीम

शनिवारी पहाटे विश्वासच्या जुन्या गाडीत मागची सीट पाडून विमान आडवं घातलं. पंख दोन तुकड्यांत निघतात, ते वहिनींच्या मांडीवर. वाटेत माहीमला वहिनींच्या माहेरच्या वाडीत थांबलो. नारळी-पोफळीच्या सावलीत पानवेली, पायाखाली ओल, पाटाचं पाणी कुठेतरी वाहत असलेलं. आमच्याकडे शेत म्हणजे डोळे दिपेपर्यंत ऊन. इथे शेतात शिरलं की संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं.

न्याहारीला उकडहंडी होती. कोनफळ, रताळं, वालाच्या शेंगा, हिरवा मसाला आणि खोबरं घालून मडक्यात दाबून शिजवलेली. आमच्या भोगीच्या भाजीची ही चुलत बहीण, पण हिला तिळाऐवजी नारळ आणि बाजरीऐवजी तांदळाची भाकरी. मी दोनदा वाढून घेतली. विश्वासने घासभरही खाल्ली नाही. तो दर थोड्या वेळाने गाडीपाशी जाऊन काचेतून आत बघून येत होता.

"अहो, पळून जात नाहीये ते," वहिनी म्हणाल्या.

"उन्हाने आवरण सैल पडतं," तो म्हणाला. ऊन अजून वाडीच्या बाहेर होतं.

दातिवरे

किनाऱ्यावर पोचलो आणि विश्वास गाडीतून उतरून नुसता उभा राहिला. सिमेंटचा रस्ता नव्हता. रेती नव्हतीच म्हटलं तरी चालेल. पाणी वर, बोंबील वाळत घातलेल्या मांडवांच्या जवळ येऊन शांतपणे डुलत होतं.

त्या बाजूचं हे मोठं दृश्य आहे. बांबू रोवून आडव्या दोऱ्या ओढलेल्या, आणि त्यांवर बोंबील, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडीने टांगलेले, लांबच लांब. खाली कापडावर जवळा पसरलेला. आमच्या सांगली-मिरजेकडे हळद वाळते, तिला राखण लागत नाही. कावळा काही हळद खात नाही. इथे मात्र बाया सारख्या हात हलवत, ओरडत, खडे मारत होत्या. कावळे पाचोळ्यासारखे उडत आणि पुन्हा तिथेच बसत.

त्यातली एक, पन्नाशीची, हिरव्या लुगड्यातली, आमच्याकडे बघत होती. तिचं नाव हौसाबाय, हे नंतर कळलं. मांडव तिचा होता.

"काय बगतां दादा? समुंदर कवा बगला नाय?"

"ओहोटी कुठे गेली?" विश्वास म्हणाला. "मी गेल्या शनिवारी याच वेळेला आलो होतो, पाणी पार तिकडे होतं."

"गेल्या शनवारी आवस होती. आज आठम. आज भांग हाय."

मी विश्वासच्या कानाशी लागलो. "सकाळी सकाळी?"

मी फार हळू बोललो असं मला वाटलं होतं. हौसाबाय कमरेवर हात ठेवून हसायला लागली, मग शेजारच्या बायांना सांगितलं, मग त्या हसायला लागल्या. "पिवाची भांग नाय ओ दादा! पान्याची भांग!"

विश्वासने कपाळावर हात मारून घेतला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि मागेही खूप जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ना धड चढत ना धड उतरत. शिवाय वेळही सरकते. अमावास्येला पहाटे असलेली ओहोटी अष्टमीला दुपारवर जाते. मी शाळेत भूगोलात 'भांगाची भरती' पाठ केली होती, मार्कही पडले होते. त्यातला एकही त्या किनाऱ्यावर कामाला आला नाही. आणि विश्वास तर उभा जन्म समुद्राच्या जवळ राहिलेला, पण चालला तो कारखान्याच्या भोंग्याने. शनिवार म्हणजे शनिवार, पहाट म्हणजे पहाट.

"दुपारला सुकती, म्हंजे ओहोटी, लागंल," हौसाबाय म्हणाली. "पन लांब नाय जायाची. येवडीच," तिने गाडीच्या रुंदीएवढे हात केले.

परत जावं तर विश्वासला पुन्हा शनिवार नव्हता. पुढच्या आठवड्यात सामानाचा टेम्पो येणार होता. आम्ही थांबलो.

थांबलो तेवढ्यात हौसाबायने आमची उलटतपासणी घेतली. इंधनाची बाटली उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्या तं एरंडेल! पोट साफ करून उडतो काय तुमचा पाखरू?"

"त्याशिवाय हलकं होत नाही," मी म्हटलं.

"आनी खाली आला माज्या बोंबलावं, तर?"

"नाही येणार," विश्वास म्हणाला. "माझा शब्द."

त्याने शब्द दिला, आणि उडवणारा मी. तिने आम्हाला तांदळाची भाकरी आणि कांदा घालून परतलेला जवळा दिला. विश्वासने आताही अर्धीच खाल्ली, आणि उरलेली वहिनींनी त्याच्या पानातून उचलून मला दिली.

दुपारी ओल्या रेतीची एक पट्टी उघडी पडली. हौसाबायने दाखवली होती त्याहून थोडी रुंद, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला मांडव. वाराही आता समुद्रावरून येत होता. पंख बसवले, टाकी भरली. इंजिनने माझी अब्रू ठेवली; तिसऱ्या-चौथ्या टोल्यालाच फटफटून पेटलं आणि एरंडेलाचा निळसर धूर मागे पळाला. विश्वासने शेपूट धरून ठेवलं होतं. मी मिश्रणाची सुई फिरवून आवाज ऐकला, मान हलवली, आणि त्याने हात सोडले. सोडले म्हणजे, मला दोनदा सांगावं लागलं.

विमान रेतीवर थोडं धावलं आणि चाकांखालून जमीन निघून गेली. इतकं सरळ चढणारं विमान मी हातात घेतलेलं नाही. रेडिओवरचा अंगठा काढून घेतला तरी ते आपल्या वाटेने जात राहिलं. समुद्रावर एक मोठं वळण घेतलं, मग डोक्यावरून परत आणलं. उन्हात पिवळे पंख आरपार दिसत होते, आतली एकेक फासळी मोजता यावी अशी. मी एक क्षण विश्वासकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

किनाऱ्याच्या कडेने एक फेरी खालून काढली, तेव्हा मांडवावरचे सगळे कावळे एकदम उठून गावाकडे पळाले.

"कावले पलाले!" हौसाबाय ओरडली. "दादा, रोज येत जा!"

पुढच्या वळणाला, विमान समुद्रावर लांब असताना, आवाज थांबला.

ज्यांनी हे केलं नाही त्यांना ती शांतता सांगता येणार नाही. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान लगेच पडत नाही; ते घसरगुंडीवरून आल्यासारखं खाली येत राहतं, आणि तेवढ्यात ठरवायचं असतं. वारा पाठीमागून किनाऱ्याकडे ढकलत होता, म्हणजे विमान जमिनीपर्यंत येणार होतं. पण पाठच्या वाऱ्याने ते वेगात येणार, त्या अरुंद पट्टीवर थांबणार नाही, सरळ मांडवात शिरणार. मांडवाखाली बाया होत्या. कदाचित मी त्याला शेवटच्या क्षणी वळवू शकलो असतो. मला वाटतं, शकलो असतो. दहातल्या सहा वेळा.

"विश्वास," मी म्हटलं, "पट्टीवर आणून बघू?"

त्याने मांडवाकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं.

"पाण्यात घाल," तो म्हणाला.

मी वळवलं, वाऱ्याकडे तोंड केलं, नाक जेवढं वर धरता येईल तेवढं धरलं. ते लाटांवर पोट टेकून बसेल असं वाटलं, तोच डाव्या पंखाचं टोक पाण्याला लागलं आणि विमान कोलांटी खाऊन उताणं झालं. डावा पंख मोडल्याचा आवाज आला. विश्वासने डोळे मिटले नाहीत. मी मिटले.

डोळे उघडले तर तो पँटसकट पाण्यात चालला होता. "अहो, तुम्हाला पोहता येत नाही!" वहिनी ओरडल्या. हौसाबायने पदर खोचला आणि त्याच्या पुढे जाऊन चालायला लागली. "माज्या मागून ये दादा, त्या अंगाला चिखोल हाय. घाई नको. भांगाचा पानी हाय, कुटं नाय नेत. उधान असता तं तुमचा पाखरू आता वैतरणंच्या खाडीत गेला असता."

खरंच, विमान जिथे पडलं होतं तिथेच डुलत होतं. कमरेएवढ्या पाण्यात. ज्या भांगाने आमची पट्टी खाल्ली होती त्यानेच ते धरून ठेवलं होतं. विश्वास ते दोन्ही हातांवर घेऊन परत आला, लहान मूल घेऊन यावं तसं.

खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन तासाभरात आतून गंजायला लागतं, त्याला लगेच गोड्या पाण्याने धुवावं लागतं. आमच्याकडे प्यायची एक बाटली होती. हौसाबायने घरातून हंडा आणला. त्या गावात गोडं पाणी कुठून आणि कसं भरावं लागतं हे मी वहिनींकडून ऐकलं होतं, त्यामुळे तिने हंडा पुढे केला तेव्हा मला कसंनुसं झालं. "ओता," ती म्हणाली, "त्यानं माजा बोंबील वाचवला ना."

प्लग काढून पाहिला तर आतली केसाएवढी तार तुटलेली. एवढंच. कुणाची चूक नाही, तारा तुटतात. नवा प्लग बसवला, इंजिनमध्ये तेल सोडलं, विमान रेतीत घट्ट धरून टोले दिले. बराच वेळ ते नुसतं थुंकत राहिलं, आणि मग एकदम किंचाळून पेटलं. पाणी, तेल, धूर, सगळं आमच्या अंगावर. वहिनींची नवी साडीही त्यातून सुटली नाही.

"मेला नाय!" हौसाबाय म्हणाली.

आता प्रश्न पंखांचा. डावा चुरगळला होता, उजवा अखंड होता, पण एका पंखाचं करायचं काय? विश्वास तो गाडीत ठेवायला निघाला, तेव्हा हौसाबायने तो त्याच्या हातातून घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "हा मना दे. मांडवावर टांगतां. कावले भितान ह्याला."

मला वाटलं तो नाही म्हणेल. त्याने पंख परत घेतला, रेतीवर बसला, बोटावर तोलून पाहिला, तोल थोडा पुढे सरकवला, पुन्हा पाहिला. मग हत्यारांच्या पेटीतून बारीक गिरमिट काढून एकच भोक पाडलं. तारेला पीळ देऊन, वर चढून मांडवाच्या सर्वांत उंच बांबूला पंख बांधला, हात सोडले आणि तो खाली उतरला. या वेळी मला सांगावं लागलं नाही.

वारा आला. पंखाने गिरकी घेतली, पुढची कड समुद्राकडे केली आणि तो उचलला गेला, तारेला धरून, मांडवावर, आडवा. कावळे लांब जाऊन बसले. विश्वास तिथेच खाली बसला आणि पदराखाली जपून ठेवलेली एक भाकरी वहिनींनी त्याच्या हातात दिली. ती त्याने सगळी खाल्ली.

धड आणि इंजिन माझ्याबरोबर मिरजेला आलं. शिवाय हौसाबायने बांधून दिलेले सुके बोंबील, ज्यांच्यामुळे डब्यातले सहप्रवासी माझ्यापासून दूर बसले आणि मला पाय पसरता आले. विश्वास ठरल्याप्रमाणे बंगळुरूला गेला.

परवा त्याचा फोन आला. हौसाबायने मोबाइलवर आवाजाचा निरोप पाठवला होता, तो त्याने मला ऐकवला. मागे वारा आणि बायांचा गलका, आणि पुढे तिचा आवाज : "दादा, पंख जाग्यावर हाय. कावले आता शेजारनीच्या बोंबलावं जातान. ती रोज भांडाला येते. म्हनते, मना पन एक मागव."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," विश्वास म्हणाला. पाठीमागे बाल्सा घासल्याचा आवाज येत होता, आणि त्याहून पाठीमागे वहिनी कुणाला तरी सांगत होत्या की पाहुणा आलाय, आजपासून आपण खाली झोपायचं.